उंटाचा शह

इचलकरंजी
५ ऑगस्ट २०२४

ती. पद्माक्कास, धाकट्या नेमगोंडाचा जय जिनेंद्र.

तुझी चाल पोचली. मी हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकीवलंय. आमच्या अभिनंदननं तुला फोन करून माझ्या छातीच्या ऑपरेशनचं सांगितलं म्हणं. पोरगं लई बोलतंय. डाक्टर घाई करतोय, पण हा डाव संपल्याबिगर कोल्हापूरला भरती होणार न्हाय. तू बी फोनवर रडारड करू नको. चाल बी फोनवर नको, नंतर फिरीवतीस. कागदावरच धाड. सुचत नसंल तर हारले म्हण.

लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ दे.
नेमू

कुरुंदवाड
९ ऑगस्ट २०२४

चि. नेमगोंडास, अक्काचा आशीर्वाद, तो बी रागानं.

रडायला मला सवड न्हाय. पत्र आल्यापास्नं पट फुडं घेऊन बसलीया. आमटी करपली, शेजारीण वरडून गेली.

तुझा हत्ती माझ्या वजिरापुढं फुकट हुबा हाय. एरवी हसत खाल्ला असता. पण त्यो खाल्ला की डाव दिवाळीपातूर चालणार, आन् तुला त्येच पायजे. मुद्दाम ठेवलायस की न्हाय? वजीर शह न देता नुसता राजाजवळ आणावा, तर राजा सुटतोय. आपल्या घरच्या खेळात पहिला शह बसायच्या आदी राजाला एकदा घोड्यागत उडी मारता येती, आन् तुझी उडी अजून शिल्लक हाय.

म्हणून आदी उंटाचा शह घे. उडी गेली. आता कोपऱ्यातलं एकच घर ऱ्हायलं. तिथं गेलास की वजीर तुझ्या अंगाला, मागं घोड्याचा जोर. मात. फुडची चाल बी लिवून टाकली, पोस्टमनची वाट कोण बघतंय?

दोनदा ताडून बघितलं. नेमू, माझ्या धाकल्या तम्मा, आता कारणं नकोत. पिशवी भर. मला जेवण जाईना झालंय.

जीव लावून हाय, ध्यानात ठेव.
अक्का

इचलकरंजी
१३ ऑगस्ट २०२४

ती. पद्माक्कास, पाया पडतो.

काल सगळा दिवस बघितलं. वाट न्हाय. हत्ती मुद्दामच ठेवला हुता, व्हय. खाशील वाटलं. भ्या वाटतंय गं अक्का. अभिनंदनला बोलू नको.

उद्या भरती होतोय. सोंगट्या पडल्यात तशाच पटाव हायत. हारलेल्यानंच पट पुन्हा मांडायचा, हा आपला नेम. सुनंला सांगितलंय, हात लावायचा न्हाय. मी आल्याव मांडतो.

तुझा,
नेमू