समोरच्या दुकानाची चकती

मंगळवार, संध्याकाळ. भोकर.

आज बाबांनी स्वतःहून चकती बदलायला काढली. आमच्या पेरणीयंत्रात बी एकेक करून खाली सोडणारी लोखंडी चकती सोयाबीनचं बी फोडते आणि फुटलेलं बी उगवत नाही, हे मी डिप्लोमा झाल्यापासून सांगतेय. बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "लोक घेऊन राहिले ना? मग?" तेव्हा गावात यंत्र बनवणारे आम्ही एकटेच. लोक जाणार कुठे?

महिन्यापूर्वी समोर दुसरं वर्कशॉप उघडलं. त्यांची चकती प्लास्टिकची आहे, बी फोडत नाही. आमची जुनी गिऱ्हाइकं तिकडे वळली तेव्हा बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

आज त्यांनी चादर अंथरून यंत्र फिरवलं आणि पडलेलं बी चष्मा लावून निवडलं. "लई फुटतंय की गं! आधी का न्हाई सांगितलंस?"

मग त्यांनी गल्ल्याच्या खणातून मी पूर्वी करून दिलेलं नव्या चकतीचं ड्रॉइंग काढलं. घडी घालून ठेवलेलं. मला वाटलं होतं, फेकलं असेल.

"हीच करू. पण समोरच्याहून भारी पाहिजे."

आमचं दुकान टिकेल का, माहीत नाही. तरी समोरचाही टिकावा असं वाटतं; तो आला म्हणून तर ड्रॉइंग खणातून बाहेर आलं. हे बाबांना सांगणार नाही.