दोन डावे बूट

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद. वि. वि.

तुझा रक्ताचा रिपोर्ट तुझ्या वहिनीने भिंतीवर टांगायचाच काय तो बाकी ठेवलाय. तुझं कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं एका रेषेत, माझं माकडासारखं वर-खाली. उठता-बसता भाऊजींकडे बघा म्हणते. काय बघू? शाळेत गणितात पुढे होतास, आता रक्तातही पुढे.

डॉक्टरीणबाई म्हणाली, औषध तेच असून आकडा असा फार हलत राहिला, तर म्हातारपणी विसराळूपणाचा धोका जरा जास्त दिसतो. होईलच असं नाही, पण लक्ष ठेवा. हिने 'होईलच असं नाही' तेवढं गाळून घरभर सांगितलं. आता मी चष्मा शोधला तरी सगळे एकमेकांकडे बघतात. दुकानाची किल्ली मुलाला देऊन टाका म्हणते.

एक गोष्ट फक्त तुला. मास्तरांच्या ऑर्डरचा आठ नंबरचा तपकिरी बुटांचा जोड शिवला. खोक्यात ठेवताना बघतो तर दोन्ही डाव्या पायाचे. जन्मात असं झालं नव्हतं. माळ्यावर लपवलेत. उजवा शिवायला बसतो, पण साचा हातात घेतला की हाच उजवा ना, अशी शंका येते आणि हात थांबतो. पंधरवड्याने मास्तर येतील. हिला कळलं की किल्ली गेलीच.

तू मजेत असशीलच. तुझं काय!

दादा

ता. ११ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

हसू नकोस. सोबत दोन उजवे बूट आहेत, आठ नंबर, तपकिरी. मागच्या महिन्यात माझ्याच हातून झाले. एका रेषेतलं रक्त असून हे दिवे लावले! तुझे दोन, माझे दोन, जोड जमले. एक मास्तरांना दे. तुझाही पाय आठचाच, दुसरा घाल आणि रोज फिरायला जा.

पुढच्या तपासणीला मी सोबत येतो. विसरण्याचं काय ते दोघं मिळून विचारू. एकटा कुढत बसू नकोस. रागाव, पण पत्र टाक.

तुझा धाकटा

ता. १९ मार्च

चि. खोटारड्यास, आशीर्वाद. वि. वि.

मास्तर खुशीत जोड घेऊन गेले. पण मी काय आंधळा आहे? मागच्या महिन्यातले म्हणे! दोऱ्याचं मेण अजून बोटाला लागत होतं. वर शेवटचा टाका दुहेरी. माझी पद्धत ती. त्यावरून जन्मभर माझ्याशी भांडलास आणि आता हुबेहूब माझ्यासारखा घातलास. चूकसुद्धा माझ्यापेक्षा नीटनेटकी करतोस, मेल्या.

हिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आकाशपाताळ एक करेल. तर म्हणते, भाऊजी किती गुणाचे! जीव नुसता जळला माझा. मग उठली आणि सगळ्या उजव्या साच्यांना लाल रंग फासून आली. किल्ली सध्या माझ्याच खिशात आहे.

मंगळवारी तपासणी. ये. रांगेत नंबर माझा आधी, थोरला मी आहे. तुझा जोड घालूनच येईन. डावा माझा, उजवा तुझा. उजवा जास्त चांगला बसतो. हे वहिनीला सांगितलंस तर याद राख.

लोभ आहे, पण डोक्यावर बसू नकोस.

दादा