बेबीनंदा म्हणजे मीच

मी, बेबीनंदा ऊर्फ दुर्गाबाई रखमाजी शेजुळ, वय ६८, धंदा पिठाची गिरणी, राहणार बदनापूर, जि. जालना, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्यानं गिरणीवर येऊन माझ्याशी भांडून बघावं.

१. आधी नावाचा खुलासा. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवरदेवानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आमच्याकडची रीत. सासऱ्यांच्या हुकमानं ह्यांनी 'दुर्गा' लिहिलं आणि जन्मभर हाक मात्र 'बेबे' अशीच मारली. विम्याच्या पॉलिसीतही वारस म्हणून माझं माहेरचंच नाव, बेबीनंदा, घातलं. माझ्या आधार कार्डावर दुर्गाबाई. हा घोळ ते वारल्यावर कळला.

२. विमा कंपनीनं दावा फेटाळला. ऑफिसातला साहेब म्हणाला, "बाई, बेबीनंदा ही दुसरी कुणीतरी असेल. पुरुषाचं काय सांगावं!" मेलेल्या माणसावर असा आळ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दीर कल्याण यांनीही मान डोलावली. बेबीनंदा म्हणजे मी न्हाईच असं ठरलं तर आपल्यालाही वाटा मिळेल, असं त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. मुलगा अंगद म्हणाला, "आई, काकाला अर्धं दे अन् मोकळी हो." मी म्हणलं, "पैसे गेले तर जाऊ दे, पण तुझ्या बापाला मेल्यावर दुसरी बायको मी करू देणार न्हाई!"

३. जालन्याच्या ग्राहक आयोगात मी वकील न लावता उभी राहिले. शाळेचा दाखला जोडला. कंपनीच्या वकिलानं विचारलं, "दोन्ही नावं एकाच बाईची कशावरून?" तेव्हा नणंद वंदना सख्ख्या भावाच्या, कल्याण यांच्या, तोंडावर बोलल्या, "ताट मीच धरलं होतं, साहेब. ही बेबीनंदा म्हणून बसली अन् दुर्गा होऊन उठली. बाई तीच हाय!" निकाल माझ्या बाजूनं लागला. रक्कम व्याजासकट, वर मनस्तापाची भरपाई. त्या दिवशी बेबीनंदा शेजुळ असा पुकारा झाला, तेव्हा मी "हजर!" अशी ओरडले की शिपाई दचकला.

४. त्या पैशातून घेतलेली गिरणी मुलगी आकांक्षा हिला. निकाल लागल्यापासून गल्लीतल्या बायका जळालेला मिक्सर, रंग गेलेली साडी घेऊन आधी माझ्याकडं येऊन राह्यल्या, मंग दुकानात. हे काम तिनं चालू ठेवावं. दुकानदार 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दाखवतो. बिलकुल घाबरायचं न्हाई, बिल दाखवायचं. जुन्या जालन्यातले दोन शेठ तर आता मला बघूनच नवा मिक्सर काढतात.

५. राहतं घर अंगदला. पोरगा अर्ध्यावर मिटवायला निघाला होता, तरी घर पुरं देते. माझ्या जिवाला अर्धं जमत न्हाई. सोन्याच्या पाटल्या नणंद वंदना यांना. त्या नसत्या तर मी हरले असते.

६. दीर कल्याण यांना ह्यांचं मनगटी घड्याळ. टोमणा म्हणून न्हाई, भावाची आठवण म्हणून. जिंकलेल्या माणसाला एवढं परवडतं.

७. माझ्या दहाव्याला गुरुजींनी पिंडापाशी नाव बेबीनंदा असंच घ्यावं. दुर्गाबाई म्हणून कितीही विनवण्या केल्या, तरी कावळा शिवणार न्हाई. मीच त्याला अडवून धरीन. तिकडं हे बेबीनंदाचीच वाट बघून राह्यले असतील.

ठिकाण : बदनापूर
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

सही : बेबीनंदा रखमाजी शेजुळ

बाईंनी सगळं मोठ्यानं वाचून, मधेमधे स्वतःच हसून, आमच्यासमोर सही केली :
१. संतोषबाई दीपचंद कासलीवाल (शेजारीण)
२. भागवत कोल्हे (गिरणीचे गिऱ्हाईक)