खंडेनवमीला घासलेलं तांबं

बोईसर,
ऑक्टोबर १९६८

तीर्थस्वरूप मामांना भाचा मारुतीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? मामींचा दमा कसा आहे? मी धडधाकट आहे, पण त्याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते ठरत नाही.

तुम्ही मला ज्यांच्याकडे चिकटवलंत ते तुमचे वर्गमित्र दिनानाथशेठ रेडिओसाठी छापील सर्किटच्या पाट्या बनवतात. (पाटी म्हणजे विटकरी रंगाचा पातळ तुकडा, त्यावर तारांऐवजी तांब्याच्या बारीक रेघा. रेघ तुटली की रेडिओ मुका.) वरून वार्निशचा हात असतो, कारण इथला खारा वारा तांब्याला सुखानं जगू देत नाही. खंडेनवमीला शेठजींनी हत्यारांशेजारी पाट्यांची चळत पूजेला मांडली, तर वार्निशमुळे त्या त्यांना मळकट दिसल्या. (वार्निश लावायला त्यांनीच सांगितलं होतं.) लक्ष्मी मळकी कशी पुजायची? पाट्या धुण्याच्या कामाला इथल्या शेजारच्या नवापूरहून हिराबाई यायच्या, त्यांना शेठजींनी फर्मावलं, घासून लख्ख करा. त्यांनी चिंच, राख आणि काथ्या घेऊन जीव ओतून घासल्या. शेठजींनी त्यांत स्वतःची मिशी पाहून घेतली, हळदकुंकू वाहिलं आणि माल मुंबईला पाठवला.

तपासणीत सगळं पास, कारण ओरखडलेली रेघसुद्धा थोडा वेळ वीज नेते. पण रेडिओ तापला की चीर उघडायची, आणि चिंच राहिली तिथं हिरवं चढायचं. बातम्या सांगणारा अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचा आणि थापट मारली की पुढचं वाक्य बोलायचा. सगळा माल परत आला.

शेठजींनी सर्वांना उभं करून विचारलं, घासायला कोणी सांगितलं? सगळे जमिनीकडे बघत राहिले (मीही). हिराबाई तेवढ्या म्हणाल्या, “तुमीच सांगितलं, शेठ. आमी घरात देव घासतो तसंच घासलं. आमचा देव कदी बंद पडला नाय.” कोणी हसलं नाही. त्यांना त्याच दिवशी काढलं. नवरा गेल्यापासून घर त्यांच्या एकटीच्या हातावर चालतं, हे शेठजींना चांगलं ठाऊक आहे. मला या माणसाची किळस येते, मामा.

मामींना नमस्कार सांगावा.

आपला,
मारुती

ता. क. शेठजी तुमचा शब्द मोडत नाहीत. हिराबाईंना परत घ्या, एवढं त्यांना लिहा. पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी एक. हे तुम्हांला कुणी कळवलं ते मात्र लिहू नका. शेठजींनी काल मला कायम केलं. म्हणाले, त्या दिवशी तू तोंड उघडलं नाहीस, मला अशीच माणसं हवीत.