ताप नाही

४ मार्च
परत ९८! तीन दिवस बघतेय, ताप नाही. तरी स्वारी पांघरुणात. "थकवा आहे हो, बाई." नवरा मला शाळेतल्या पोरांसारखा 'बाई' म्हणतो. नाटकं नुसती! थर्मामीटर झटकून त्यांच्या हातात देते आणि पेपर तपासत बसते. चौथा प्रश्न — 'थर्मामीटर लगेच का काढू नये?' अर्ध्या वर्गाचं उत्तर: 'तुटेल म्हणून.' धन्य!

५ मार्च
अजून वीस पेपर. परवा द्यायचेत. ९८.

६ मार्च
सकाळी उठेचनात. हॉस्पिटल. १०४! डॉक्टर म्हणाला, "ताप कधीपासून?" मी ठणकावून सांगितलं — नव्हताच, रोज पाहिलाय! त्याने एक्स-रे उजेडात धरला. मग — "फुप्फुसं भरलीत. चार दिवस आधी आणायला हवं होतं."
आणि मी भौतिकशास्त्राची बाई. पंचवीस वर्षं!

८ मार्च
जरा शुद्धीवर आले. मास्कमधून म्हणाले, "दहा सेकंदांत काढायचो." अहो, का! "पाऱ्याला अंगाइतकं तापायला वेळ लागतो. तूच शिकवलंस." पण का? "तुझे पेपर होते ना. म्हटलं, तुला आणखी ताप नको."
ताप नको!
वर्गाला जे आलं नाही ते या एका विद्यार्थ्याला आलं. थर्मामीटर फक्त स्वतःचं तापमान सांगतो. अंगाशी बरोबरी होईपर्यंत थांबावं लागतं. मी थांबले नाही. मान वर केली नाही. घड्याळ समोर होतं — आणि कपाळाला हात लावायला कुठला नियम लागतो?

१० मार्च
काल रात्री पुन्हा शुद्ध गेली, श्वासाचं मशीन लावलं. आज नणंद आली. "वहिनी, तूच म्हणतेस ना, ऊर्जा नष्ट होत नाही?" माझाच पहिला नियम माझ्या तोंडावर! म्हटलं, "होत नाही, वन्सं. विखुरते. विखुरली की आपोआप परत गोळा होत नाही. तो दुसरा नियम." ती रडायलाच लागली. जळली मेली माझी जीभ.

११ मार्च
९६. सिस्टर खुशीत — "उतरला बघा!" डॉक्टरने नाडी पुन्हा तपासली. मला कळलं. जिवंत माणूस अखंड खटपट करून खोलीपेक्षा गरम राहतो. खटपट थांबली की हळूहळू खोलीएवढा. फळ्यावर चहाचा कप काढून शिकवते मी हे. हसत हसत.

१२ मार्च
सव्वासातला सिस्टरने मशीन बंद केलं. डाव्या हातात त्यांचा हात आहे. गार. म्हणजे माझी उष्णता तिकडे चाललीय. जाऊ दे. या खेपेला लवकर काढणार नाही.