चारशेपैकी चारशे

तीर्थस्वरूप भावोजींच्या चरणी साष्टांग नमस्कार.

ताईचे गुडघे आणि आपला मधुमेह ईश्वरकृपेने आटोक्यात असावेत. दोन वर्षांच्या अबोल्यानंतर आलेले हे पत्र आपण शेवटाकडून वाचायला घ्याल, हे मी जाणतो. तरी कृपया क्रमाने वाचावे.

पोथीवाचनाच्या बैठकीत भक्ताच्या डोळ्यांतले पाणी दुःखाचे की आनंदाचे, यावरून आपण दोघे हमरीतुमरीवर आलो होतो (मी दुःखाचे म्हणालो, आपण आनंदाचे, शेवटी पाण्याचा तांब्या पोथीवर कलंडला). असो. गेल्या महिन्यात माझ्या नातीने आपणा दोघांना एकच काम दिले. यंत्राला माणसांची भाषा शिकवणे हा तिचा अभ्यासविषय, आणि वाक्यातला भाव यंत्राकडून ओळखून घेणे हा तिच्या तिघांच्या गटाचा प्रकल्प. यंत्राला आधी माणसानेच दाखवून द्यावे लागते. म्हणून पाणीपुरवठा कचेरीला आलेल्या पत्रांतली चारशे वाक्ये, आणि प्रत्येकापुढे राग, दुःख, आनंद किंवा 'काहीच नाही' असे लिहायचे. मात्र एकमेकांचे न पाहता, म्हणजे दोन माणसांचे आपसूक किती जुळते ते कळेल. "तीनशे जुळली तरी खूप झालं, आजोबा," असे ती म्हणाली होती.

मी पेन्सिलीने प्रामाणिकपणे लिहिले. पुढे आपले भरलेले कागद माझ्या टेबलावर ठेवून ती संध्याकाळपर्यंत मैत्रिणीकडे गेली, आणि मला मोह झाला. (इंद्रियनिग्रहावर मी चाळीस वर्षे प्रवचने केली, हे आपणांस इथे आठवेलच.) वाटले, आयुष्यात एकदा तरी भावोजींशी सहमत व्हावे, बातमी आपल्या कानी जाईल आणि मला तोंडाने काही म्हणावे लागणार नाही. आधी माझी सगळी उत्तरे रबराने खोडली (ताडून पाहिली असती तर अहंकार जागा झाला असता), मग आपली उतरवली.

चारशेपैकी चारशे जुळली. मुलांना शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "सख्ख्या भावांचं इतकं जुळत नाही, हे तर मेहुणे-भावोजी!" तिन्ही मुलांवर नकलेचा ठपका आला. मी दोन दिवस जपमाळ ओढत गप्प बसलो. काल कबूल केले, तेव्हा नात एवढेच म्हणाली, "पुसलं तुम्ही, आजोबा, आणि शेरा आमच्या नावावर." तिने आवाज चढवला असता तर बरे वाटले असते.

ताईस नमस्कार सांगावा.

आपला अपराधी,
मेहुणा

ता. क. : बाईंनी एक संधी दिली आहे. गुरुवारी अकरा वाजता आपण दोघांनी दोन वेगळ्या खोल्यांत बसून त्यांच्यादेखत पन्नास वाक्ये नव्याने लिहावीत, तरच प्रकल्प धरला जाईल. माझ्यासाठी नव्हे, मुलांसाठी यावे.

पुनश्च : बाईंनी परत पाठवलेले माझे खोडलेले कागद आज खिडकीशी धरले. पेन्सिलीचे वळ अजून दिसतात. तीनशे बावन्न उत्तरे मुळातच जुळली होती. उरलेल्यांत एक वाक्य आहे, 'नळाला पाणी आलं तेव्हा आई रडली.' आपण आनंद लिहिला होता, मी दुःख. सकाळपासून तेच वाचतो आहे. गुरुवारी असे वाक्य पुन्हा आले तर मी काय लिहीन, हे कृपया विचारू नये, नियम आहे.