मणीबांचं प्रेशर

९ नोव्हेंबर १९९५, गुरुवार

डोकं उठलं! तीस वर्षं नर्स होते, पण अशी सासू नाही पाहिली. दर गुरुवारी गावात आमची दवाखान्याची गाडी थांबली, की सुनेआधी मणीबा आत. मी कोकिळेला विचारते, "चक्कर येते का गं?" उत्तर मणीबांचं — "नथी आवती." पाळीचं विचारलं तरी मणीबाच सांगणार! सून अठरा वर्षांची, पांढरीफटक, पदर नाकापर्यंत.

१६ नोव्हेंबर

आज अक्कल चालवली. कडुलिंबाखाली खुर्ची, बीपीचं यंत्र आणि आमचे हे, जयवंतराव. वर पाटी — 'फक्त सासवांसाठी'. जन्मभर कोयलीच्या रिफायनरीत पाइपांचं प्रेशर बघितलं, सासवांचं काय अवघड? चार दिवस शिकवलं मी. पांढरा शर्ट घालून असे फुगले, की आधी त्यांचंच मोजावं!

तेवढ्यात कोकिळा गाडीत एकटी सापडली. हिमोग्लोबिन सात. आणि बोलली! नववीत पहिली आली होती, मग लग्न. "बेन, मारे दसमानी परीक्षा आपवी छे." सासरा नको म्हणतो, नवरा सासऱ्याची री ओढतो.

२३ नोव्हेंबर

दहावीला बाहेरून बसायचा तिचा फॉर्म भरला. पत्ता आमचा सुभानपुऱ्याचा, म्हणजे केंद्र बडोद्यातच.

मणीबांचं प्रेशर एकशेवीस-ऐंशी, ठणठणीत. मी जयवंतरावांकडे बघून डोळे वटारले. "जरा वर आहे. दर गुरुवारी या," म्हणाले. कान लालभडक.

११ जानेवारी १९९६

हिमोग्लोबिन साडेनऊ. लोहाच्या गोळ्या मी देते, बीजगणित ती मला शिकवते. बाहेर आमच्या दरोगाबाई, मणीबा, मुकाट्याने रांगेत बसलेल्या. काय बनवलं म्हातारीला!

२२ फेब्रुवारी

परीक्षा पुढच्या महिन्यात, आणि पोरीला दहा दिवस घराबाहेर काढायचं कसं? एवढी शहाणी मी, हा विचारच केला नव्हता. नवरा-सासरा सोडणार नाहीत, आणि मणीबांना कळलं तर गुरुवारही बंद. आशा मीच लावली. आज तिच्या तोंडाकडे बघवेना.

२९ फेब्रुवारी

काही सुचलं नाही. जयवंतराव म्हणतात, पळवून आणू. यांचं वय चौसष्ट!

७ मार्च

मणीबा गाडीशी आल्या. डोक्यावर गाठोडं, मागे कोकिळा, तिच्या हातात पुस्तकं — उघडी, सगळ्यांदेखत! जयवंतरावांनी पट्टा पुढे केला, तर मणीबांनी हात दिलाच नाही.

"रहेवा दो, साहेब. तमने जूठुं बोलतां नथी आवडतुं. कान लाल थई जाय छे." म्हणजे खोटं बोलणं यांना जमत नाही!

मग माझ्याकडे वळल्या. "घरे कही दीधुं छे. प्रेशर बहु वधी गयुं, दस दिवस वडोदरा रहेवुं पडशे. सेवा करवा जोडे वहु तो जोईए ने?"

त्या गाडीत चढल्या, सुनेसाठी जागा केली आणि म्हणाल्या, "चार महिनाथी घरमां हुं ज तो बीमार पडुं छुं, बेन. नहीं तो दर गुरुवारे एने कोण आववा दे?"